बोकडवासाची पावडर

पहिल्या दिवशी डुकरांनी खाणं तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. थोरली नावाची सगळ्यांत जुनी मादी होती, तिनं तर नाकाडानं गव्हाण उसकटली, सगळा भरडा भिंतीवर उडवला आणि गवंडिणीकडे रागानं बघत उभी राहिली.

"बोकडाचा वास मारतोय," सासू म्हणाली. ती कोपरापर्यंत हात घालून घमेल्यात मक्याच्या भरड्यात पांढरी पावडर कालवत होती. "मला वाढलं असतं तर मीसुद्धा ताट भिरकावलं असतं."

"तुम्ही मिठावरून भिरकावता," गवंडीण म्हणाली.

सासू खदखदून हसली आणि पावडरीचा हात तसाच नाकाला लावून शिंकली.

गवंडीण म्हणजे गवंड्याची बायको. नवरा लांबलांबच्या बांधकामांवर असायचा, आठवड्याच्या शेवटी यायचा आणि आला की डुकरांच्या शेडला कुठे ना कुठे सिमेंट थापत बसायचा. कप्प्याकप्प्यांमधल्या छातीएवढ्या भिंती त्यानंच बांधल्या होत्या. गावात हसले होते लोक, डुकरांना बंगला बांधतोय म्हणून. डुकरं मात्र बायकांची. सासू खाणं बघायची, गवंडीण शेण, पाणी, बाळंतपणं आणि बाजार.

रोग कालव्यातून आला होता. वरच्या गावांतून फुगलेली डुकरं पाण्यावर तरंगत यायची. काठावरचा माणूस बांबूनं त्यांना पुढे ढकलायचा, पुढचा आणखी पुढे. आपल्या हद्दीतून गेलं की आपलं काम झालं. एका सकाळी कुत्र्याच्या तोंडात डुकराचा कान बघितला तेव्हा गवंडिणीनं फाटक लावून घेतलं आणि उंबऱ्यावर चुन्याचा जाड पट्टा ओढला. त्यानंतर त्या फाटकातून कोणी आत आलं नाही. जनावरांची डॉक्टरीणबाईसुद्धा नाही.

ही डॉक्टरीणबाई तरुण होती, आवाज घोगरा, पायांत पिवळे रबरी बूट. पावडरीची पोती तिनंच फाटकाबाहेर उतरवली होती.

"हे नक्की ठरलेलं औषध नाही, आधीच सांगते," ती रस्त्यात उभी राहून म्हणाली होती. "याला फॅटी अॅसिड म्हणतात, मेदाम्लं. खोबरेल तेलातून काढतात, साबणही यापासूनच होतो. या रोगाच्या विषाणूवर चरबीचं पातळ कवच असतं. हे त्यात घुसतं आणि कवच फोडतं. खाण्यातून विषाणू आला तर बराचसा तिथल्या तिथे मरतो. प्रयोगशाळेत तरी मरतो."

"आणि डुकराच्या पोटात?"

"तेच बघायचंय. पण एक लक्षात ठेवा, रोग एकदा रक्तात गेला की याचा उपयोग नाही. आजारी जनावराच्या घशात ओतू नका. गुदमरून मरेल."

तिसऱ्या खेपेला सासूनं भरड्यात उसाची थोडी गोड मळी मिसळली आणि डुकरं खायला लागली. थोरलीनं शेवटी खाल्लं, तेही उपकार केल्यासारखं.

बोळाच्या पलीकडे नणंदेचं घर होतं. तिचा नवरा ड्रायव्हर. स्वतःचा ट्रक होता आणि त्यात तो गावोगावची डुकरं भरून कत्तलखान्याला न्यायचा. मागच्या अंगणात त्यांची स्वतःचीही डुकरं होती. रोगाची बातमी आल्यावर बाकीच्यांनी ट्रक उभे केले, यानं केला नाही. लोक घाबरून मिळेल त्या भावात जनावरं विकत होते आणि हा उचलत होता.

एका दुपारी तो फाटकाशी आला. हातात कागदाची पुडी, आत सासूला आवडायची तसली मिठाई.

"भावोजी, तिथेच थांबा," गवंडीण शेडमधून ओरडली.

"का? अंघोळ करून आलोय."

"बुटांनी केली का अंघोळ? तिकडे काढा आणि पाय चुन्यात बुडवून या."

ड्रायव्हरनं आपल्या बुटांकडे बघितलं. टाचांना वाळलेलं शेण होतं. बोळात दोनतीन माणसं उभी होती आणि त्यांतला एक हसला. ड्रायव्हरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सासूबाई," तो सुनेकडे न बघता मोठ्यानं म्हणाला, "या घरात जावयाला आता कुत्र्यासारखं दारात उभं करतात काय?"

सासू हात पुसत बाहेर आली. तिची चांगलीच पंचाईत झाली होती. "रोगराई आहे, जावईबापू. तिचंही बरोबर आहे. द्या ती पुडी इकडे."

"राहू दे. पुडीलाही रोग झालेला असायचा." त्यानं पुडी रस्त्यावर टाकली आणि पायानं चिरडली. जाताना वळून म्हणाला, "डुकरांना साबण खाऊ घालणारी माणसं. उद्या त्यांना पावडर-कुंकू लावा."

त्या दिवशी सासू सुनेशी जेवेपर्यंत बोलली नाही. जेवताना मात्र म्हणाली, "माझी लेक त्याच्या घरात आहे. आपण फाटक लावून मोकळे होतो. तिकडे तो कोणावर राग काढतो, तुला ठाऊक आहे ना?"

गवंडिणीला ठाऊक होतं. सगळ्या बोळाला ठाऊक होतं.

दोनचार दिवस गेले असतील. सकाळीच पलीकडून नणंदेची हाक आली. ती बोळाच्या त्या कडेला उभी होती, पदर तोंडावर धरलेला.

"आई गं, दोघी माद्यांनी पिल्लं टाकली. कान जांभळे झालेत. एकीच्या नाकातून रक्त येतंय, खाली बसलीय ती उठतच नाही."

सासूच्या हातातलं घमेलं खाली आलं.

"डॉक्टरीणबाईंना कळवलं का?" गवंडिणीनं विचारलं.

"हे नको म्हणतात. कळवलं तर सगळी मारतील आणि ट्रकही अडकवतील म्हणतात." नणंदेनं पदर काढला. खालचा ओठ फाटून सुजला होता. "वहिनी, ती पावडर दे थोडी."

"ताई, त्याचा उपयोग होणार नाही. आजारी पडल्यावर..."

"दे म्हणते ना! तुझी उभी आहेत, माझी मरतायत. पावडर नाही नेली तर ते..."

गवंडीण काही म्हणायच्या आत सासूनं अर्धं पोतं ओढत फाटकापर्यंत नेलं आणि बोळात ढकलून दिलं. "खाण्यात मिसळून दे. बरी असतील त्यांनाच. आजारी असतील त्यांच्या घशात घालू नको, ऐकलंस का?"

नणंद ऐकत होती की नाही कोण जाणे. पोतं पाठीवर घेऊन ती वाकत वाकत गेली.

दुपारी सगळ्या बोळानं आवाज ऐकले. ड्रायव्हरनं पावडर कोमट तेलात कालवली होती. तो एकेका मादीच्या वरच्या जबड्यात दोरीचा फास घालायचा, दोरी खांबाला आवळायचा आणि नणंदेला बाटली ओतायला लावायचा. डुक्कर फासात किंचाळतं तेव्हा त्याचा घसा उघडाच असतो. तेल सरळ छातीत गेलं. पहिली मादी नाकातून फेस काढत जागीच कोसळली. दुसरीनं झटका दिला तशी बाटली फुटली आणि काच नणंदेच्या तळहातात घुसली.

"धर नीट! एवढंही येत नाही तुला?"

मग बाईचा आवाज आला आणि मग पट्ट्याचा. गवंडीण शेडच्या कोपऱ्यात फावड्याला धरून उभी होती. सासू पाण्याच्या टाकीशी उभी होती, दोन्ही हात पाण्यात बुडवून. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

शेवटी ड्रायव्हरनं बाटली टाकली आणि कुऱ्हाड उचलली. जी उभी होती तीही त्यानं सोडली नाहीत. कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, कपाळावर बसला की बद्द असा आवाज यायचा, चुकला की किंचाळी यायची आणि मग पुन्हा बद्द. एक तरणं डुक्कर दार फोडून बोळात आलं, अर्धं डोकं फुटलेलं, आणि भिंतीला घासत घासत कालव्याच्या दिशेनं पळालं. त्याच्या मागे भिंतीवर लाल रेघ उमटली.

गवंडिणीनं घरात जाऊन डॉक्टरीणबाईला फोन लावला. मग चुन्याची गोणी फोडून फाटकाबाहेरचा सगळा बोळ पांढरा करून टाकला.

दुसऱ्या दिवशी ऊन ऐन डोक्यावर असताना ती फावड्यानं कप्पे साफ करत होती. फाटकावर पहिला दणका बसला तेव्हा तिला वाटलं, डॉक्टरीणबाईची माणसं आली. दुसऱ्या दणक्याला कडी निघाली.

ड्रायव्हर आत आला. एका हातात लोखंडी पाइप होता, दुसऱ्या हातात गोणपाट, आणि गोणपाट खालून ठिबकत होतं. बूट घोट्यापर्यंत रक्तानं आणि तेलानं काळे झाले होते. चुन्याच्या पट्ट्यावरून तो चालत आला तशी मागे लाल-पांढरी पावलं उमटत गेली.

"कळवलंस ना डॉक्टरला?" तो म्हणाला. "आधी विष दिलंस आणि मग चुगली केलीस."

"भावोजी, बाहेर व्हा. काय बोलायचं ते बाहेर बोलू."

"माझी सगळी मेली तुझ्या साबणानं. आता तुझ्या साबणाची परीक्षा घेऊ की. बघू किती कवच फोडतो ते!"

त्यानं गोणपाट उपडं करून पहिल्या कप्प्यात झटकलं. दोन मेलेली पिल्लं थोरलीच्या पुढ्यात पडली, जांभळी, ओली.

डुकराला मेलेलं कळत नाही, खायचं तेवढं कळतं. थोरलीची तरणी पोरं क्षणात तुटून पडली. गवंडीण फावडं टाकून भिंतीवरून आत उतरली. गुडघ्यानं ढकलत, लाथा मारत ती एका पिल्लापर्यंत पोचली आणि मागचे पाय धरून तिनं ते ओढलं. दुसरं टोक थोरलीच्या जबड्यात होतं. "सोड! सोड गं!" म्हणत गवंडिणीनं तिच्या नाकाडावर मूठ मारली. थोरलीनं पिल्लू सोडलं आणि हात धरला.

हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. दुखलं नंतर. तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा थोरलीच्या डोळ्यात खुपसला तेव्हा जबडा सैल झाला. उजव्या हाताची दोन बोटं चिरडून एकमेकांना चिकटल्यासारखी दिसत होती. ती भिंतीला धरून वर चढू लागली तशी ड्रायव्हरनं पाइप तिच्या खांद्यावर हाणला. ती बाहेरच्या बाजूला पडली. त्यानं बरगड्यांत लाथ घातली, मग आणखी एक, अगदी सावकाश, नेम धरून. मग तो दुसऱ्या कप्प्याची कडी काढायला वळला. तिथे दूध पिती पिल्लं होती.

गवंडीण जमिनीवरून ओरडली, पण छातीत हवा नव्हती, आवाज निघाला नाही.

सासू त्याच्या मागून आली. तिच्या हातात गवंड्याचा दगड फोडायचा घण होता. वर उचलण्याइतकी ताकद तिच्या अंगात नव्हती. म्हणून तिनं तो जमिनीलगत मागे नेला आणि झाडू फिरवावा तसा आडवा फिरवला. घण ड्रायव्हरच्या गुडघ्यावर बाहेरच्या बाजूनं बसला आणि पाय आत वळला, पाय वळत नाही त्या बाजूला. तो कडीला लोंबकळला, मग घसरत खाली आला. त्याच्या तोंडून निघालेला आवाज आणि डुकरांचा आवाज यांत काही फरक नव्हता.

सासूनं घण पुन्हा मागे नेला.

"जावईबापू," ती धापा टाकत म्हणाली, "आता घरी जा."

नणंद फाटकात येऊन उभी होती. तळव्याला फडकं गुंडाळलेलं, एक डोळा बंद झालेला. ती आत आली, नवऱ्याच्या बखोटीला धरलं आणि धान्याचं पोतं ओढावं तसं त्याला बोळापर्यंत ओढत नेलं. आईकडे तिनं बघितलं नाही.

डॉक्टरीणबाईचा घोगरा आवाज फोनवर तुटत तुटत येत होता. "मी आता येऊ शकत नाही. सकाळपासून रोगट शेडमध्येच आहे, मीच रोग घेऊन येईन. नीट ऐका. त्या कप्प्यातल्या जनावरांनी खाल्लंय. ताप भरायला अजून अवकाश आहे, पण भरला की ती सगळीकडे पसरवतील. त्यांतलं एकही ठेवू नका. आजच. आणि रक्त सांडायचं नाही, सुरी लावायची नाही. कळतंय ना मी काय सांगतेय?"

"कळतंय," गवंडीण म्हणाली. तिचा हात फडक्यात बांधून सासूनं गळ्यात अडकवला होता.

गवंडी काम टाकून धावत आला तो अंगावर सिमेंट तसंच. बायकोचा हात बघून तो बोळाकडे वळला. तिनं त्याला शर्टाला धरून थांबवलं. "तिकडे नंतर. आधी इकडे."

भिंती बांधणारा माणूस, त्यानं आयुष्यात कोंबडीसुद्धा मारली नव्हती. पहिल्या डुकराच्या वेळी त्यानं डोळे मिटले आणि घण नाकाडावर बसला. डुक्कर तोंडातून दात सांडत कप्पाभर गरगर फिरलं. दुसऱ्या घावाला पडलं, तिसऱ्याला थांबलं. गवंडी कोपऱ्यात जाऊन ओकला.

"मला नाही जमणार."

"मग फास तू धर," सासू म्हणाली. "घण मी घेते."

"तुम्हाला दुसऱ्यांदा उचलवणार नाही, आई," गवंडीण म्हणाली. "अहो, डोळे उघडे ठेवा. दोन डोळे आणि दोन कान, यांची फुली मनात काढा. फुलीच्या मधोमध. भिंतीला ओळंबा लावता ना, तसं बघा."

त्यानं तोंड पुसलं. तसं बघितलं. त्यानंतर घण चुकला नाही. डाव्या हातानं ती फास आवळायची, तो मारायचा, सासू मागचे पाय धरून ओढायची. शेजारच्या कप्प्यांतली डुकरं सुरुवातीला किंचाळत होती, मग एकदम गप्प झाली आणि भिंतीलगत एकमेकांत घुसून उभी राहिली. ते गप्प होणं किंचाळण्याहून वाईट होतं.

थोरली शेवटी उरली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. पोरं पडत गेली तशी ती मागे मागे सरकत कोपऱ्यात गेली होती. गवंडीण फास घेऊन पुढे झाली, पण फासाची गरज पडली नाही. रोज खाजवते म्हणून थोरली आपणहून तिच्याकडे आली आणि तिनं मान खाली घातली. गवंडिणीनं डावा हात तिच्या कानामागे ठेवला, खाजवला आणि नवऱ्याला मानेनं खूण केली.

थोरलीचं कपाळ जाड होतं. पाच घाव लागले. गवंडिणीनं हात काढला नाही. कानामागची कातडी प्रत्येक घावाला तिच्या बोटांखाली थरथरली, अगदी शेवटपर्यंत.

मागे खोल खड्डा खणून, चुना पसरून त्यांनी सगळ्यांना पुरलं. कप्पा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं तीनदा घासला, अंगावरचे कपडे जाळले आणि तिघं एकामागून एक अंघोळीला गेली. मग गवंडी बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. तिथे मधलं बोट काढून टाकावं लागलं. दुसरं राहिलं, पण ते वाकत नाही.

पोलिसांत कोणी गेलं नाही. गवंडी जायला निघाला होता, पण सासूनं दार अडवलं. घण कोणी फिरवला हेही सांगावं लागलं असतं. ड्रायव्हरही गेला नाही. तो गेला असता तर आधी रोगाच्या दिवसांत ट्रकमधून नेलेल्या डुकरांचं निघालं असतं.

पुढचे दिवस फक्त बघण्यात गेले. सासू सकाळी उठली की आधी प्रत्येक कप्प्यात जाऊन कान चाचपायची, गरम आहेत का. गवंडीण शेण बघायची, रक्त आहे का. एखादं डुक्कर जरा उशिरा उठलं की दोघी त्याच्यापाशी धावायच्या. भरडा, मळी, पावडर, सगळं चालू होतं, आणि आता डुकरं गव्हाणी चाटूनपुसून ठेवत होती.

सरकारी माणसं आली, तोंडाला पट्ट्या, अंगभर पांढरे कपडे. ड्रायव्हरच्या अंगणातली मेलेली डुकरं त्यांनी यंत्रानं खड्डा खणून गाडली आणि मग ती गवंड्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. रोगाच्या हद्दीत आहे, म्हणाली, इथलीही मारावी लागतील. डॉक्टरीणबाई फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

"आधी रक्त तपासू. एकात जरी सापडलं तर मी स्वतः उभी राहून मारायला लावीन."

"मॅडम, तुमचा प्रयोग आहे म्हणून..."

"हो, आहे माझा प्रयोग. म्हणून तर रक्त हवंय. मेलेलं डुक्कर मला काय सांगणार?"

बरीच हमरीतुमरी झाली. रक्त घेतलं गेलं. पहिल्या वेळी काही सापडलं नाही, काही दिवसांनी पुन्हा घेतलं, तेव्हाही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई ते सांगायला आली तेव्हा तिचे डोळे झोपेअभावी लाल झाले होते. "सुटलात," ती म्हणाली आणि रस्त्यातल्या दगडावरच बसली.

"पावडरीनं वाचवलं म्हणायचं?" गवंड्यानं विचारलं.

ती जराशी हसली. "हो म्हणायला मला फार आवडेल. पण तुमच्या भिंती होत्या, फाटक होतं, तुम्ही त्याच दिवशी ती मारलीत. पावडर होती. कशानं किती वाचवलं ते एवढ्यावरून मला सांगता येणार नाही."

सासू म्हणाली, "बाई, पाणी तरी घ्या," आणि फाटकावरून तांब्या पुढे केला.

नणंद आली ती एका संध्याकाळी, पायांत काही नाही, हातात काही नाही. चुन्याच्या पट्ट्याबाहेर उभी राहिली.

"आई," ती म्हणाली.

सासू कडी काढायला धावली. गवंडिणीनं तिचा हात धरला.

"आधी अंघोळ," ती म्हणाली. "इथेच, बाहेर."

"अगं, माझी लेक आहे ती! रस्त्यात उघडी करतेस तिला?"

"चादर धरा तुम्ही."

सासूनं आणि गवंड्यानं मान फिरवून दोन्ही बाजूंनी चादरी धरल्या. गवंडिणीनं गरम पाण्याची बादली आणि घासणी बाहेर नेली. नणंदेनं कपडे काढून ढिगात टाकले आणि उकिडवी बसली. पाठीवर, मांड्यांवर, छातीखाली जागा राहिली नव्हती. जुने डाग पिवळे पडले होते, त्यांच्यावर निळे, त्यांच्यावर ताजे. पट्ट्याच्या बक्कलाचे चौकोन मोजता आले असते. पायात प्लास्टर घालून पडलेला माणूससुद्धा पलंगावरून पट्टा फिरवू शकतो, हे गवंडिणीला तेव्हा कळलं.

ती डाव्या हातानं हळूहळू घासू लागली.

"जोरात घास, वहिनी," नणंद म्हणाली. "केसांतसुद्धा. नखांतसुद्धा. मला आत यायचंय."

चादरीचं एक टोक खाली आलं होतं. सासू लेकीच्या पाठीकडे बघत होती.

"मी गुडघ्यावर मारला," ती शेवटी म्हणाली. "चुकलंच माझं. जागा चुकली."

कपडे तिथेच जाळले. गवंडिणीचे कपडे नणंदेला आखूड झाले.

काही दिवसांतच खाण्याचं काम नणंदेनं आपल्याकडे घेतलं. सासूला कंबर वाकवून घमेली उचलवत नव्हती आणि गवंडिणीचा हात अजून भरला नव्हता. नणंद बोलायची कमी, पण कुठल्या कप्प्यात कोण दांडगं आणि कोण मागे राहतं, ते तिनं चटकन हेरलं. दांडग्यांना कोपरानं मागे सारून ती बारक्यांच्या पुढ्यात मूठभर जास्त टाकायची.

ड्रायव्हर आला तेव्हा कणसं वाळत घातली होती आणि सगळ्या अंगणात ऊन होतं. दोन काखांत कुबड्या, एक पाय ताठ. तो फाटकाबाहेर थांबला. कडी आतून लावलेली होती.

"तिला हाक मार," तो गवंडिणीला म्हणाला.

गवंडीण कणसं उलटवत होती. "खाणं घालतेय ती."

"घाल म्हणावं आणि ये म्हणावं. घरात चूल पेटलेली नाही." मग जरा आवाज खाली आणून, "झालं ते झालं. माझाही पाय गेलाच ना?"

सासू ओसरीवर कणसं सोलत होती. ती उठली, घराच्या कोपऱ्यात टेकवलेल्या घणाच्या शेजारी जाऊन बसली आणि पुन्हा सोलू लागली.

ड्रायव्हरनं मान उंच करून शेडकडे बघितलं आणि बायकोला मोठ्यानं हाक मारली. नेमकं तेव्हाच नणंदेनं दुसऱ्या कप्प्याच्या गव्हाणीवर घमेलं आपटलं. सगळी डुकरं एकदम उठली, भिंतींवर पाय टाकून उभी राहिली आणि भुकेनं किंचाळू लागली. त्या कल्लोळात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ड्रायव्हरचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. नणंदेनं एकदा तिकडे बघितलं. त्याचे ओठ हलताना तिला दिसत होते.

तिनं ती गव्हाण भरली. मग घमेलं कमरेवर घेऊन ती तिसऱ्या कप्प्याकडे गेली, तिथून पुढच्या. शेवटच्या कप्प्यात तिला बराच वेळ लागला. ती बाहेर आली तेव्हा डुकरं खाण्यात गुंग होऊन शांत झाली होती आणि फाटकाबाहेर कोणी नव्हतं.

"गेले का?" तिनं विचारलं.

"गेले," गवंडीण म्हणाली.

नणंद घमेलं धुवायला टाकीशी गेली.